नाताळची बिअर आणि बाटलीवरील टक्का

नाताळ आणि नववर्ष यांच्या दरम्यानचा आठवडा गोव्यात पाहुणचाराचा असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे कोंसुआदची ताटे जातात, दोदोल, बिबिंका आणि नेवऱ्यांची देवाणघेवाण होते. हिंदू कुटुंबे ख्रिस्ती मित्रांच्या घरी जेवायला जातात आणि रिकाम्या हाताने कसे जावे, म्हणून वाटेवरच्या दुकानातून बिअरचे खोके उचलले जाते. ही खरेदी पाच मिनिटांची असते. दुकानदाराने पुढे केलेला ओळखीचा ब्रँड, परवडणारी किंमत आणि थंड बाटली एवढ्यावर ती उरकते. परंतु या किरकोळ वाटणाऱ्या निवडीत राज्यांची करनीती, सीमेवरील निर्बंध आणि मेजवानीहून घरी परतणाऱ्या माणसाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

निवडीचा पहिला निकष बाटलीवर छापलेलाच असतो. मात्र तो क्वचितच वाचला जातो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या मद्यविषयक नियमांनुसार 5 टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि त्याहून अधिक, 8 टक्क्यांपर्यंतची बिअर ‘स्ट्राँग’ गणली जाते. हा तीन टक्क्यांचा फरक कानाला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात 8 टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. 42.8 टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे 13 मिलिलिटर असतो. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली व्हिस्कीच्या चार लहान पेगांच्या बरोबरीची आहे. अशा बारा बाटल्यांचे खोके घेऊन जाणारा पाहुणा यजमानाच्या घरात जवळजवळ दोन पूर्ण बाटल्या व्हिस्की नेत असतो. त्याऐवजी 5 टक्क्यांचे, 330 मिलिलिटरचे चोवीस कॅन नेले, तर पेयाचे एकूण प्रमाण तेवढेच राहते आणि मद्यार्क मात्र एक तृतीयांशाहून अधिक घटतो. शिवाय कॅन लहान असल्याने एकदा उघडलेले ‘संपवून टाकावे’ हा दबावही कमी होतो.

तरीही देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँग बिअरचाच आहे. यामागे केवळ आवड नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार मद्याचे नियमन आणि त्यावरील अबकारी कर हे राज्यांचे विषय आहेत. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेर ठेवले गेले, कारण हा महसूल सोडणे कोणत्याही राज्याला परवडणारे नव्हते. साहजिकच प्रत्येक राज्याने आपापल्या गरजेप्रमाणे दर आकारले. कर्नाटकाने 2023 च्या जुलैमध्ये बिअरवरील अतिरिक्त अबकारी कर 175 वरून 185 टक्क्यांवर नेला. अनेक राज्यांत बिअरवरील कर तिच्या मापावर किंवा किमतीवर ठरत आला. तीव्रतेचा विचार त्यात पुरेसा झाला नाही. सौम्य आणि स्ट्राँग बाटलीच्या किमतीत थोडाच फरक उरला, की ग्राहक स्वाभाविकपणे ‘पैसे वसूल’ करणारी बाटली घेतो. हेच गणित तो मेजवानीला जाताना दुसऱ्याच्या घरी घेऊन जातो.

घरगुती मेजवानीत या गणिताची किंमत निराळ्या ठिकाणी चुकवावी लागते. गोव्यात रात्री उशिरा सार्वजनिक वाहतूक जवळपास नसते. टॅक्सी महाग आणि दुर्मीळ असते. बहुतेक पाहुणे स्वतःच्या दुचाकीवरून किंवा मोटारीतून आलेले असतात आणि अंधाऱ्या, वळणावळणाच्या रस्त्यांवरून परततात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी 10 हजार रुपयांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निरोगी प्रौढाचे शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क पचवते आणि स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत तो सुमारे 41 ग्रॅम असतो. ‘बिअरच तर घेतली’ असे म्हणत रात्री अकराला उठणाऱ्या पाहुण्याच्या रक्तातून ती बाटली पहाटेपर्यंत पुरती उतरलेली नसते. कडक कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

सौम्य बिअर म्हणजे बेचव बिअर, हा समजही आता टिकण्यासारखा नाही. सातू, हॉप्स, यीस्ट आणि पाणी या चार घटकांतून किती विविधता साधते, हे गेल्या दशकात गोव्यातच उभ्या राहिलेल्या लहान ब्रुअरींनी दाखवून दिले आहे. कमी तापमानाला संथपणे आंबवलेली लागर स्वच्छ आणि हलकी असते. शाकुती किंवा सोरपोतेल यांसारख्या मसालेदार पदार्थांसोबत ती जिभेला विसावा देते. गव्हाची बिअर तळलेल्या मासळीला शोभते. भाजलेल्या माल्टची काळी स्टाउट बिबिंकासोबत खुलते. हॉप्सचा कडवटपणा अधिक असलेली आयपीए मात्र ज्याला ती चव ठाऊक आहे त्याच्यासाठीच न्यावी, कारण तिखट जेवणाचा झोंबणारेपणा ती आणखी वाढवते.

खरेदीच्या वेळी बाटलीवरील तारीख पाहणेही महत्त्वाचे आहे. बिअर जुनी होऊन सुधारत नाही. तिचा सुगंध महिन्यागणिक ओसरतो. उन्हात मांडलेल्या बाटलीत प्रकाशामुळे हॉप्समधील घटक बदलून उग्र दर्प येतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक काच कमी. कॅन पूर्णपणे सुरक्षित असतो. ब्रुअरीतून ताजी भरून आणलेली, पाश्चरीकरण न केलेली बिअर थंड ठेवून काही दिवसांतच संपवावी लागते. ती आठवडाभर आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मेजवानी सीमेपलीकडे असेल, तर निवडीचा प्रश्न कायद्याचा होतो. गोव्यातील करभार शेजारच्या दोन्ही राज्यांपेक्षा हलका राहिल्याने सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या आप्तांसाठी इथूनच खोके नेण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र गोव्यात कर भरलेले मद्य परवान्याविना महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेणे हा गुन्हा आहे. बांद्याजवळील इन्सुली आणि चोर्ला घाटापलीकडील कणकुंबी येथील नाक्यांवर तपासणी होते. बडोद्याच्या नातलगांकडे जाणाऱ्यांनी गुजरातेत दारूबंदी आहे हे विसरू नये. सीमा ओलांडायची असेल तेव्हा बिअर पोहोचल्यावर तिथल्याच परवानाधारक दुकानातून घ्यावी, अथवा बिबिंका न्यावी.

वैयक्तिक शहाणपणाला धोरणाची साथ मिळणे मात्र आवश्यक आहे. बिअरवरील कर तिच्यातील मद्यार्काशी थेट जोडला, तर सौम्य बाटली खऱ्या अर्थाने स्वस्त होईल आणि स्ट्राँग बिअर निवडण्यामागचे आर्थिक आमिष घटेल. सणाच्या दिवसांत रात्रीच्या बसफेऱ्या वाढवणे हा पोलिसी तपासणीइतकाच परिणामकारक उपाय ठरू शकतो. तोपर्यंत जबाबदारी खरेदी करणाऱ्यावर उरते. पाहुण्यांची संख्या, त्यांतील वाहन चालवणारे, मद्य न घेणारे आणि एकवीस वर्षांखालील तरुण यांचा हिशेब करून सौम्य बिअरचे लहान कॅन न्यावेत आणि सोबत तितक्याच अगत्याने कोकम सरबत किंवा मद्यार्कविरहित बिअर न्यावी. यजमानाला नकार द्यावा लागू नये आणि कोणालाही आग्रहाला बळी पडावे लागू नये, एवढी निवड त्या खोक्यात असली तरी पुरे.