हौसेला मोल नाही, म्हणून?

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला 'घरचं काहीतरी गोड' हवं, असा रिवाज अलीकडे आपल्या शहरांत पडला आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत भरणाऱ्या प्रदर्शनांपाशी पैसे बेताचेच असतात. केटरर परवडत नाही आणि विकतच्या पेस्ट्रीत म्हणे आपलेपणा नसतो. रिवाज चांगला आहे. माझं भांडण त्या खाऊच्या टेबलाशी आहे. भिंतीवरच्या प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी असते: नाव, माध्यम, आकार, साल. टेबलावरच्या ताटापाशी काहीच नसतं. पाहुणे वाकून एवढंच विचारतात, "यात अंडं आहे का?"

गेल्या हिवाळ्यात बडोद्यातल्या अशाच एका उद्घाटनाला बेबिंका होती. नारळाचं दाट दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, मैदा, जायफळ आणि थरागणिक चमचाभर तूप. एक थर ओतायचा, वरून धग देऊन तो तांबूस होऊ द्यायचा, मगच दुसरा. रीतीप्रमाणे सात थर. पूर्वी गोव्यात भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत; आता ओव्हनची वरची कॉइल लावून काचेला डोळे लावून बसायचं. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात, क्षणभर नजर हलली तर वरचा करपतो. अख्खी दुपार जाते. ज्यांची ती दुपार गेली त्या बाई मूळच्या मडगावच्या. आभारप्रदर्शनात त्या 'खाऊची व्यवस्था बघणाऱ्या आमच्या भगिनी' झाल्या. फ्रेमवाल्या दुकानाचं नाव मात्र पत्रकावर छापलेलं होतं.

मग काय, बेबिंकेला कलाकृती म्हणायचं? नका म्हणू. पण १९९२ साली रिर्क्रित तिरावनिजाने न्यूयॉर्कच्या ३०३ गॅलरीत थाई करी आणि भात शिजवून येईल त्याला फुकट वाढला, ते कलेच्या इतिहासात गेलं. पुढे त्या कामाची आवृत्ती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही आली. मला ते काम आवडतं. गॅलरीतल्या शेगडीवर शिजलं तर कलावंताचं नाव आणि घरच्या ओट्यावर शिजलं तर नुसता आपलेपणा, ही वाटणी तेवढी मला मान्य नाही.

अनुवाद करणाऱ्यांना ही भाषा पाठ असते. मानधनाचा विषय काढला की समोरून येतंच, "तुम्ही तर हौसेनं करता ना!" तीन पानी परीक्षणाच्या शेवटी एक ओळ, 'अनुवाद ओघवता झाला आहे.' टेबलापाशी ऐकू येणारं "छान झालंय हं" ते हेच. हौसेला मोल नाही ही म्हण खरं तर खर्च करणाऱ्याच्या बाजूची आहे, हौसेपायी तो पैशाकडे बघत नाही. आयोजकांनी आणि प्रकाशकांनी ती आपल्या सोयीने उलटी वाचली. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२२ साली गीतांजली श्री यांच्याइतकाच वाटा डेझी रॉकवेल यांना मिळाला. त्याने मूळ कादंबरीचं काय बिघडलं?

मला सांगितलं जातं की अशी मोजदाद केली की प्रेम आटतं. हे ज्या समाजात लग्नाच्या आहेराची वही ठेवतात, भांड्यावर नाव घालून ते भेट देतात, त्या समाजात सांगितलं जातं! चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्यावर आत्याचं नाव वाचताना कोणाला व्यवहाराचा वास येतो?

तेव्हा पुढच्या उद्घाटनाला ताटापाशी चिठ्ठी लावा. करणाऱ्याचं नाव, पदार्थाचं नाव, आत काय-काय आहे. अंड्याचा प्रश्नही आपोआप मिटेल. नारळ, तूप आणि डझनभर बलक यांचा खर्च फ्रेमच्या खर्चाशेजारी लिहा. एखाद्या बाईंना नाव नको असेल, पैसेही नको असतील, तर त्या तसं सांगतील. पण आधी त्यांना विचारा तरी.