आवाज फुटायला वेळ लागतो

सोमवारची सकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं ऑफिस गाठलेलं. कॉन्फरन्स कॉल सुरू. शेजारच्या डेस्कवरचा माझा मित्र क्लायंटला आकडे समजावून सांगतोय आणि मध्येच त्याचा आवाज चिरकतो. थेट आठवीतल्या पोरासारखा! आम्ही सगळे एकदम आपापल्या लॅपटॉपमध्ये घुसलो. कॉल संपल्यावर पठ्ठ्या म्हणतो, 'एकोणतिसाव्या वर्षी वयात येतोय राव, जरा सांभाळून घ्या!'

माझा हा मित्र ट्रान्स पुरुष आहे. जन्माच्या दाखल्यावर 'मुलगी' असं लिहिलेलं, पण आपण मुलगा आहोत हे त्याला शाळेपासून ठाऊक. नोकरी लागली, चार पैसे गाठीला आले, काउन्सेलरशी आणि डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झालं आणि मग टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली. (त्याला विचारूनच लिहितोय. 'नाव तेवढं घालू नकोस, बाकी बिनधास्त लिही,' असं म्हणाला.)

आता आपली पिढी कशी? किराणा दहा मिनिटांत दारात हवा. दोन दिवस जिमला गेलो की आरशात बायसेप्स शोधणार. हासुद्धा त्यातलाच. पहिलं इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आरशासमोर हजर. मिशी कुठाय? महिना गेला, दोन महिने गेले. मुरुमं आली, मिशी नाही. शेवटी वैतागून डॉक्टरांना म्हणाला, 'डोस डबल करा ना!'

डॉक्टरांनी शांतपणे वेळापत्रकच समोर ठेवलं. आवाज काही महिन्यांत बदलायला लागतो, पण स्थिरावायला वर्ष-दोन वर्षं लागतात. दाढी नीट भरायला चार-पाच वर्षंसुद्धा लागू शकतात. आणि डोस वाढवून गाडी पुढे पळत नाही. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर चक्क इस्ट्रोजेनमध्ये बदलून टाकतं! वर रक्त दाट होण्याची भीती. म्हणून तर ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते आणि म्हणूनच कुणाकडून तरी परस्पर इंजेक्शनं आणून टोचून घेणं हा प्रकार साफ नको.

ट्रान्स स्त्रियांचंही तेच. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर त्वचा मऊ व्हायला तीन ते सहा महिने, छातीची वाढ पुढे दोन-तीन वर्षं चालूच. आवाज तर त्याने बदलतच नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे रियाज करावा लागतो, गाण्याच्या क्लाससारखा. शिवाय प्रत्येकाला सगळंच करायचं असतं असंही नाही. कुणी नाव बदलून थांबतं, कुणी हार्मोन्सवर, कुणी ऑपरेशनपर्यंत जातं. शर्यत नाहीच, तर पहिला नंबर कुणाचा?

मग मित्राने एक युक्ती केली. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर एकच वाक्य रेकॉर्ड करायचं, 'हॅलो, मी बोलतोय.' रोजच्या आरशात काहीच बदलत नाही हो. पण आठव्या महिन्यात त्याने पहिलं रेकॉर्डिंग आणि आठवं लागोपाठ ऐकलं आणि कॅन्टीनमध्ये चहा तसाच गार होऊ दिला.

घरची गोष्ट याहून अवघड. आपली मराठी मोठी खट्याळ भाषा. इंग्रजीत 'आय ॲम गोइंग' म्हटलं की सुटलो. मराठीत 'जातो' की 'जाते', हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. त्याने घरी सांगितलं त्या दिवसापासून आईने 'आलीस का?' म्हणणं बंद केलं. पण 'आलास का?'सुद्धा नाही! त्याऐवजी, 'जेवण झालं का?', 'उशीर होणार का आज?', 'पोचल्यावर फोन कर.' चौदा महिने माउलीने व्याकरणाची ही कसरत केली. आधी त्याला राग यायचा. मग एकदा लक्षात आलं, की या चौदा महिन्यांत तिच्या तोंडून चुकूनही एकदा 'आलीस' गेलेलं नाही. तीही शिकतेच आहे की!

आणि एका रात्री अकरा वाजता याने लॅच उघडलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, 'आलास?'

बस्स. एवढंच. हा हातात बूट घेऊन तसाच उभा. मग म्हणाला, 'हो, आलो.'

पण मंडळी, सबुरी आणि टोलवाटोलवी यात फरक आहे. याच मित्राच्या ई-मेल आयडीवरचं जुनं नाव बदलायला ऑफिसने सात महिने लावले. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'प्रोसेसमध्ये आहे, पेशन्स ठेवा.' सात महिने त्याच्या प्रत्येक मेलवर त्याचं नसलेलं नाव. शरीर वेळ घेतं, कारण आत काम चालू असतं. आई वेळ घेत होती, कारण ती रोज एकेक वाक्य जपून बोलत होती. ऑफिसात मात्र कुणीही काही करत नव्हतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदा आहे. मग एका आयडीसाठी सात महिने?

तेव्हा तुमच्या शेजारच्या डेस्कवर असं कुणी असेल, तर 'अजून किती बाकी आहे?' असं विचारू नका. नाव काय ते विचारा आणि त्या नावाने हाक मारा. एखाद्या वेळी चुकलात तर 'सॉरी' म्हणा आणि पुढे चला, पाच मिनिटांचं भाषण नको. आणि त्या जागी तुम्ही स्वतः असाल, तर आरशाशी रोज भांडू नका. एक तारखेला रेकॉर्डिंग तेवढं करा.

मित्राची मिशी? आहे. म्हणजे, उजेडात नीट पाहिलं तर दिसते. परवा रेझर घेऊन आलाय गडी. आम्ही काहीच बोललो नाही.