तबकड्यांची मालकी

जुन्या जॅझच्या तबकड्या जमवणे हा सुखवस्तूंचा षोक आहे, अशी समजूत करून घेऊन आपले अनेक कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा आपल्या नित्याच्या चिंतनातला प्रश्न या षोकाच्या मुळाशी आहे, हे त्यामुळे नजरेआड होते.

५ एप्रिल १९२३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, रिचमंड येथील जेनेट कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात जो ‘किंग’ ऑलिव्हर यांचा लहानसा कृष्णवर्णीय वाद्यवृंद आला. विद्युत्-ध्वनिमुद्रण तेव्हा रुळले नव्हते. वादकांनी भोंग्यासमोर उभे राहून वाजवायचे, आणि शेजारच्या रुळांवरून गाडी गेली की थांबायचे! एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावे. लुई आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट जगाने प्रथम ऐकले ते याच मुद्रिकांत. पियानोवर लिल हार्डिन होत्या, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स.

परंतु साथीच्या वादकांची नावे तबकडीवर छापण्याची तेव्हा रीत नव्हती. ती हुडकून काढली संग्राहकांनी. पॅरिसच्या शार्ल देलोने यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेली ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही सूची म्हणजे एका परीने या श्रमिकांचा हजेरीपटच होय. संग्राहकांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्या श्रमिकांच्या पदरात काय पडले? ऑलिव्हर १९३८ साली जॉर्जियातील सव्हाना येथे दारिद्र्यात वारले. अखेरच्या दिवसांत ते झाडलोटीचे काम करीत. मालकी हक्क मात्र दीर्घायुषी ठरले. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क अमेरिकेत २०६७ पर्यंत टिकू शकले असते. २०१८ च्या कायद्याने ही मुदत टप्प्याटप्प्याने आणली, म्हणून १९२३ च्या मुद्रिका १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक झाल्या. तोवर वादकांपैकी कोणीही हयात नव्हते.

कायद्याने खुले झालेले संगीत लोकांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. दुर्मिळ तबकडी कपाटात कुलूपबंद ठेवणारा संग्राहक आणि नफेखोर साठेबाज यांत फारसे अंतर उरत नाही. ती जतन करून इतरांना ऐकवणारा संग्राहक लोकशिक्षकाचे काम करतो. कामगार वस्तीतल्या वाचनालयांनी महिन्याकाठी एक श्रवणबैठक भरवावी, आणि प्रत्येक मुद्रिकेआधी वादकांची नावे मोठ्याने वाचावीत. एवढे तरी आपल्या हाती आहे.