खोटी कुस्ती, खरा मार

अमेरिकेत सोमवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे मंगळवार उजाडलेला असतो. 'मंडे नाइट रॉ' या कुस्तीच्या कार्यक्रमाच्या आपल्याकडील शौकिनांची ही वेळ ठरलेली. ११ जानेवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कमधून त्याचा पहिला भाग दाखवला गेला. तेव्हा तो तासाभराचा होता. पुढे दोन तासांचा, २०१२ साली तीन तासांचा झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर गेला. मधल्या काळात, २००२ साली, कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूएफ हे नाव टाकून डब्ल्यूडब्ल्यूई हे नाव घेतले. पण ज्यांच्या दप्तरात एकेकाळी या पैलवानांची उंची, वजन आणि छातीचे माप छापलेले पत्ते असायचे, त्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण असे की, हा कार्यक्रम आपल्याकडे घरोघरी पाहिला जातो आणि त्याविषयी दोनच मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, 'अहो डॉक्टर, ती सगळी नुरा कुस्ती. तिथं कुणाला काही लागत नाही.' आणि आया म्हणतात, 'मुलं बिघडतात, बंदच करायला हवं ते.' प्रस्तुत लेखक हा कार्यक्रम वर्षानुवर्षे आवडीने पाहतो आहे, आणि ही दोन्ही मते त्याला पटत नाहीत. त्यातले पहिले मत तर आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

नुरा कुस्ती, हे अगदी खरे. कोण जिंकणार ते आधीच ठरलेले असते. खुद्द कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे सांगून टाकले की आमचा हा प्रकार खेळ नव्हे, करमणूक आहे. या प्रामाणिकपणामागे हिशेब होता. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाची देखरेख आली, कर आला. करमणूक म्हटली की दोन्ही टळते. शौकीन म्हणून मला त्या कबुलीचे काहीच वाटत नाही. नाटकातला राजा खरा नसतो म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. पण करमणुकीच्या नावाखाली देखरेख टळावी, हे डॉक्टर म्हणून खटकते.

निकाल खोटा असला तरी पडणे खोटे नसते. आपल्या आखाड्यातल्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालतात, ती खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवतात. पैलवान पडला तर निम्मा मार माती पिऊन टाकते. तिकडच्या रिंगणात लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेले कॅनव्हास असते. त्यावर पाठीवर आपटायचे, तेही आज या गावी, उद्या त्या गावी. यासाठी पडण्याची वेगळी तालीम असते. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटत नाही. श्वास सोडत पडायचे. हात पसरून तळवे आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर पसरतो. एवढे शिकायलाच कित्येक महिने जातात.

आणि उचलणाऱ्याचे कसब तर याहून मोठे. समोरच्याला जोरात आपटल्यासारखे दाखवायचे आणि सुखरूप खाली ठेवायचे. ब्रेट हार्ट हा कॅनडाचा पैलवान मला याच कारणासाठी आवडायचा. आपल्या हातून प्रतिस्पर्धी कधी जायबंदी झाला नाही, याचा त्याला अभिमान असे. नशीब पाहा, डिसेंबर १९९९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या कुस्तीत त्याच्याच डोक्यावर लाथ बसली. मेंदूला हादरा बसलेला असताना तो पुढचे काही आठवडे खेळत राहिला, आणि २००० साली त्याची कारकीर्द संपली. ऑगस्ट १९९७ मध्ये स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनला उलटे धरून आपटताना अंदाज चुकला आणि भर रिंगणात काही वेळ त्याचे हातपाय हलेनात. ऑक्टोबर १९९९ मध्ये डॅरेन ड्रॉझडॉव्हची मान मोडली. २०२३ साली मृत्यू येईपर्यंत तो लुळाच होता. तेव्हा 'कुणाला काही लागत नाही' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

मानेचा मार दिसतो तरी. डोक्याच्या आत बसलेला मार दिसत नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक. आपला मेंदू कवटीच्या आत पातळ द्रवात तरंगत असतो. दह्याची बरणी जोरात हिसकली तर बरणीला तडा जात नाही, पण आतले घट्ट दही मोडते. तसेच काहीसे मेंदूचे होते. वैद्यकशास्त्रात याला 'कन्कशन' म्हणतात. त्यासाठी माणूस बेशुद्धच पडावा लागतो असे नाही, बहुतेक जण पडतही नाहीत. डोके आपटायलाही हवे असे नाही, शरीराला जोराचा हिसका बसला तरी पुरते. आणि सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे काही झाले नाही, असाही अर्थ होत नाही. त्या तपासणीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते. मेंदूचे बिघडलेले काम दिसत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीच्या कार्यक्रमांत लोखंडी घडीची खुर्ची डोक्यात घालणे ही रोजची बाब झाली होती. जो हात आडवा धरी तो भित्रा, आणि जो उघड्या डोक्यावर घेई तो मर्द. जानेवारी १९९९ मध्ये मिक फोलीच्या हातांना मागून बेड्या घालून द रॉकने त्याच्या डोक्यात लागोपाठ खुर्च्या मारल्या. एक, दोन नव्हे, अकरा. फोलीची बायको आणि लहान मुले समोरच्या खुर्च्यांवर बसून रडत होती. 'बियाँड द मॅट' या माहितीपटात ते दृश्य आहे. अकराव्या फटक्याने त्या कुस्तीची रंगत वाढली, असे म्हणणारा शौकीन मला भेटायचा आहे.

जून २००७ मध्ये क्रिस बेन्वा या नामांकित पैलवानाने बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून स्वतःचे आयुष्य संपवले. तो चाळीस वर्षांचा होता. दोरावर चढून डोके पुढे करून समोरच्यावर झेप घेणे हा त्याचा नावाजलेला डाव. मृत्यूनंतर डॉ. ज्युलियन बेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा मेंदू तपासला. अल्झायमर झालेल्या ८५ वर्षांच्या वृद्धाच्या मेंदूसारखी त्याची स्थिती होती, असे त्यांनी सांगितले. वारंवार मार बसलेल्या मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन साचत जाते, स्मरणशक्ती, स्वभाव, संयम सारे ढासळते. या रोगाला सीटीई म्हणतात आणि आजही त्याचे पक्के निदान मृत्यूनंतरच होते. अर्थात, केवळ या रोगाने माणूस खुनी होतो असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. बेन्वाच्या शरीरात बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉनही सापडले होते. पण त्या मेंदूची अवस्था काही खोटी नव्हती.

ही तपासणी घडवून आणणारा माणूसही रॉ मधलाच. क्रिस्तोफर नोविन्स्की हा हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर, आणि कार्यक्रमात त्याला घमेंडखोर हार्वर्डवाल्याची भूमिका दिलेली. २००३ साली डोक्याला लाथ लागल्यावर त्रास लपवून तो काही आठवडे खेळत राहिला. पुढे डोकेदुखी आणि विसराळूपणा हटेना, तेव्हा त्याला कुस्ती सोडावी लागली. मग त्याने याच विषयाचा अभ्यास केला आणि २००७ साली डॉ. रॉबर्ट कॅन्टू यांच्यासह मेंदूच्या इजांवर काम करणारी संस्था काढली. या कार्यक्रमाने जगाला दिलेला सर्वांत मोठा पैलवान कोण, असे मला कुणी विचारले तर मी याचे नाव घेईन. त्याने एकही मोठा किताब जिंकला नाही, ही गोष्ट निराळी.

२०१० साली डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यात खुर्ची मारण्यावर बंदी घातली. तेव्हापासून जुने शौकीन कुरकुरत आहेत की आता पहिल्यासारखी मजा उरली नाही. मला हे अजिबात मान्य नाही. खुर्ची आजही आहे, ती पाठीवर बसते, आवाज तोच येतो. उलट डोके वाचवायचे म्हटल्यावर पैलवानांना डाव, चपळाई आणि अभिनय यांवर मेहनत घ्यावी लागली. ज्याच्याजवळ काही नव्हते तोच पूर्वी उघड्या डोक्यावर खुर्ची घेऊन टाळ्या मिळवी. आता त्याला कुस्ती यावी लागते. कुस्तीच्या शौकिनाला याहून दुसरे काय हवे?

आणखी एक गोष्ट जाणत्या प्रेक्षकाच्या लक्षात आली असेल. पैलवानाला खरोखर लागले की पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली करतो. ती खूण डॉक्टरसाठी असते. काही वेळा कथानकासाठीही ही फुली खोटीच दाखवतात, ते मात्र मला चीड आणणारे वाटते. बाकी सारे खोटे दाखवा, आमची तक्रार नाही. ही एक खूण तरी खरी ठेवा.

८ फेब्रुवारी १९१६ नव्हे, २०१६ रोजी (तारखा सांगताना माणूस भावुक होतो) डॅनियल ब्रायनने याच कार्यक्रमात उभे राहून निवृत्ती जाहीर केली. अठराव्या वर्षी कुस्ती सुरू केल्यावर पाच महिन्यांतच त्याला पहिले कन्कशन झाले होते, पुढे कितीतरी झाली, आणि त्यांतून त्याला झटकेही आले होते. कंपनीच्या डॉक्टरांनी परवानगी नाकारली होती. लोकप्रियतेच्या शिखरावरच्या पैलवानाला डॉक्टर 'नाही' म्हणतात आणि ते चालते, हे १९९९ मध्ये कुणाला खरे वाटले नसते. बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासण्यांनंतर मार्च २०१८ मध्ये त्याला पुन्हा परवानगी मिळाली. तो परतला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण त्याचे डोके खाली आले की अजूनही माझे डोळे मिटतात.

उत्तेजक औषधांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एडी गरेरो नोव्हेंबर २००५ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि फेब्रुवारी २००६ पासून कंपनीने औषधांच्या व हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या, एवढे येथे पुरे.

तरीही कंपनीला पूर्ण गुण देता येत नाहीत. हे पैलवान कागदोपत्री नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. क्रिकेटला, फुटबॉलला हंगाम असतो आणि हंगामाबाहेर शरीराला विसावा मिळतो. रॉ मात्र बावन्न आठवडे चालतो. डोक्याच्या इजांबद्दल पन्नासहून अधिक माजी पैलवानांनी २०१६ साली केलेला दावा २०१८ मध्ये न्यायालयाने फेटाळला, आणि अपिलातही काही हाती लागले नाही. कायद्याने जे झाले ते झाले. पण वर्षातून दोन महिने सक्तीची विश्रांती द्यायला न्यायालय कशाला हवे?

आता आपल्या घरात येऊ. कार्यक्रम बंद करा, असे मी आयांना सांगणार नाही. बंद केला तर मुले शेजारी जाऊन पाहतील. उलट शेजारी बसून पाहा आणि पडण्याची तालीम किती महिन्यांची असते ते सांगा. घरच्या पलंगावर, गच्चीवर, शाळेच्या मैदानावर दुसऱ्याला उचलून आपटणे, मानेला विळखा घालणे आणि डोक्यावर काहीही मारणे, या तीन गोष्टींना साफ मनाई असावी.

तरी मुले ती मुलेच. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळल्यासारखे करते, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारते, डोके दुखते, गरगरते, उजेड सहन होत नाही, किंवा काय झाले ते आठवत नाही, यांपैकी एक जरी दिसले तरी त्या दिवशीचा खेळ बंद. क्रिकेट असो, कबड्डी असो की तालीम असो. मूल 'मला काही झालं नाही' म्हणेल. नोविन्स्कीही तेच म्हणत होता. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला सूज येऊन क्वचित प्राणावरही बेतते.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, टीव्ही आणि मोबाइल कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवण्याची गरज नाही, त्रास वाढत नसेल तर दोन दिवसांनी हळूहळू हिंडू-फिरू द्यावे. आधी शाळा, मग हलका व्यायाम, आणि अंगाला अंग भिडणारे खेळ डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच. झोप आली तर झोपू द्यावे, मात्र पहिल्या रात्री मोठे माणूस जवळ असावे. डोकेदुखीसाठी वयाप्रमाणे पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन देऊ नये, आयब्युप्रोफेनही पहिले दोन दिवस टाळावे, कारण आत रक्तस्राव असला तर तो वाढू शकतो.

पण पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणे, झटके, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, बोलण्यात जडपणा, हातापायात कमजोरी, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यांतले काहीही दिसले तर कांदा हुंगवत बसू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात तडक जावे. मूल उंचावरून मानेवर पडले असेल आणि हातापायाला मुंग्या येत असतील, तर त्याला उचलून उभे करू नये. मान न हलवता तिथेच झोपवून ठेवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.