फुकटाचे यंत्र आणि देखभालीचा हिशेब

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या वेळी घातलेल्या अटी आज पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. चरख्याची किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि खेड्यातील झोपडीत तो सहज चालवता यावा, एवढ्यावरच त्या अटी थांबत नव्हत्या. वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्राने वीस वर्षे काम दिले पाहिजे, आणि या निगराणीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये, असेही त्यांत नमूद होते. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही. परंतु यंत्राची किंमत म्हणजे केवळ खरेदीची किंमत नव्हे, हा अर्थशास्त्रातील साधा पण नेहमी विसरला जाणारा विचार त्या अटींनी स्पष्ट शब्दांत मांडला होता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत वर्धा हे गांधीजींच्या कार्याचे केंद्र बनले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते, आणि जे. सी. कुमारप्पा यांचा टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार तेथील कामातून घडत गेला. आज याच जिल्ह्यातील महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत कामाचे मुख्य यंत्र संगणक आहे. संगणक चालवणाऱ्या आज्ञावलींपैकी फार मोठ्या भागावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही. तो भाग जगभरच्या लोकांनी, त्यांतही पुष्कळ स्वयंसेवकांनी, मिळून बांधला आहे आणि कोणालाही विनामूल्य घेता येतो. तो घेणारे लाखो आहेत. त्याची निगा राखणारे किती आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

लिनक्स ही अशा आज्ञावलींतील सर्वांत प्रसिद्ध प्रणाली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने तिच्याभोवतीची अनेक साधने पुरवली. ज्याने लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, त्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच असतो. परंतु आज्ञावली लिहिली म्हणजे ती वापरणाऱ्याच्या हाती पोहोचली असे होत नाही. माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर कंपायलर नावाच्या साधनाने यंत्राला कळेल अशा रूपात आणावा लागतो, त्याला लागणारी इतर साधने जोडावी लागतात आणि हे सारे नीट बांधून द्यावे लागते. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात अशी हजारो पॅकेजेस स्वयंसेवक सांभाळतात. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात तर केवळ बांधणीची कृती लिहून ठेवलेली असते. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर ती बांधणी करून घ्यावयाची. सांभाळणाऱ्याने काम सोडले आणि नवा कोणी पुढे आला नाही, की त्या पॅकेजवर ‘अनाथ’ असा शेरा पडतो.

एकदा चाललेली आज्ञावली कायम चालेल, तिला गंज चढत नाही की तिची माळ तुटत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मूळ मजकुरातील एक अक्षरही न बदलता पॅकेजची बांधणी मोडते, कारण भोवतालची साधने बदललेली असतात. मे २०२४ मध्ये जीसीसी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कंपायलरची चौदावी आवृत्ती आली. सी भाषेतील ज्या सैल लेखनपद्धतींवर पूर्वीच्या आवृत्त्या केवळ इशारा देऊन पुढे जात, त्यांपैकी काही या आवृत्तीने सरळ चूक ठरवल्या; आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार बांधली जाणारी अनेक जुनी पॅकेजेस अडून बसली. अशा वेळी कोणीतरी त्रुटींची लांबलचक नोंद वाचावी लागते, शेवटच्या ओळीवर न थांबता पहिली चूक कोठे झाली ते शोधावे लागते, दोन-चार ओळींची दुरुस्ती करून ती कोऱ्या प्रणालीवर तपासावी लागते आणि मूळ लेखकाकडे पाठवावी लागते. पाठवली नाही, तर पुढच्या आवृत्तीत तीच दुरुस्ती पुन्हा नशिबी येते. या कामाला उद्घाटन नसते आणि कोनशिलाही नसते.

हे काम दुर्लक्षित राहिले की काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. जगातील असंख्य बँकव्यवहारांना संरक्षण देणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत २०१४ मध्ये मोठे भगदाड सापडले, तेव्हा तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात होत्या हे उघड झाले. जुलै २०१८ मध्ये आर्चच्या भांडारातील पीडीएफ वाचण्याचे एक अनाथ पॅकेज कोणा अनोळखी व्यक्तीने दत्तक घेतले आणि त्याच्या बांधणीच्या कृतीत घातक ओळी घुसवल्या. सर्वांत बोलके उदाहरण एक्सझेड या साधनाचे. फायली दाबून लहान करणारे हे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असते आणि ते मुख्यतः लासे कॉलिन या एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर उभे होते. काम लवकर होत नाही म्हणून त्याच्यामागे अनोळखी नावांनी तगादा लावला गेला. ‘जिया तान’ या नावाने मदतीला आलेल्या व्यक्तीने दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास संपादला आणि मग बांधणीच्या प्रक्रियेतच चोरवाट लपवली. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. एवढे मोठे संकट एका चिकित्सक माणसाच्या सावधपणामुळे टळावे, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

गावच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांचे असते, पण उन्हाळ्यात गाळ उपसण्याची वेळ आली की ती कोणाचीच नसते. मुक्त आज्ञावलींची अडचण हीच आहे. यावर काहींचे म्हणणे असे, की मग पैसे मोजून कंपनीची आज्ञावली घ्यावी म्हणजे ही कटकटच नको. पण विकत घेतलेल्या आज्ञावलीलाही आयुष्यमर्यादा असते आणि ती विक्रेता ठरवतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुष्कळ जुनी यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटीत बसत नाहीत आणि वापरणाऱ्याला आतून दुरुस्ती करण्याची मुभा नाही. मुक्त आज्ञावलीत ही मुभा आहे. मात्र दुरुस्तीचा हक्क आणि दुरुस्ती करणारा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठीच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. श्री-लिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की कशी निरर्थक चिन्हे उमटतात, हे कचेऱ्यांतील कारकुनांना सांगावयास नको. युनिकोडमुळे ती आपत्ती पुष्कळशी दूर झाली, आणि लोहितसारखे मुक्त फॉन्ट २००४ पासून उपलब्ध झाल्याने लिनक्सवरही मराठी वाचता-लिहिता येऊ लागली. परंतु फॉन्ट, कळफलक, शुद्धलेखन तपासनीस ही सारी शेवटी पॅकेजेसच आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी. पॅकेज सांभाळणारा परदेशी गृहस्थ कितीही कुशल असला तरी हा भेद बिघडल्याचे त्याला कळणार कसे? ते मराठी माणसालाच पाहावे लागेल, आणि आज जवळजवळ सर्वजण ते दुसरा कोणी पाहील असे गृहीत धरून चालले आहेत.

अन्यत्र या प्रश्नाचा विचार सुरू झाला आहे. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. आपल्याकडे झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या मदतीची योजना जाहीर केली. केरळने शालेय संगणक शिक्षणात मुक्त प्रणाली स्वीकारली, शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. परंतु स्वीकार हे अर्धेच काम आहे.

उरलेल्या अर्ध्या कामाचा आरंभ वर्धा जिल्ह्यात होऊ शकतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्याने तेच तेच नमुना प्रकल्प वहीत उतरवण्यापेक्षा एक अनाथ पॅकेज दत्तक घ्यावे, त्याची मोडलेली बांधणी दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाने स्वीकारली हीच त्याची परीक्षा मानावी. मराठी वा हिंदीच्या विद्यार्थ्याला फॉन्ट आणि शब्दसंग्रह तपासण्याचे काम देता येईल. जिल्ह्याच्या गावातील मुलांना हे झेपेल काय, अशी शंका घेतली जाईल. या कामाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चिकाटी, नीट वाचण्याची सवय आणि चूक दाखवली गेली तर ती सुधारण्याची तयारी. मात्र विद्यार्थी दर वर्षी बदलतात, म्हणून पॅकेजची जबाबदारी विभागाच्या नावावर असली पाहिजे. नाही तर निकाल लागताच ते पुन्हा अनाथ होईल.

पैशाचे गणितही अवघड नाही. मुक्त आज्ञावली वापरून जी संस्था परवान्यांचा खर्च वाचवते, तिने वाचलेल्या रकमेचा पाच टक्के भाग देखभालीच्या खाती टाकावा. चरख्याच्या अटींत पाच टक्के ही निगराणीच्या खर्चाची कमाल मर्यादा होती. येथे ती किमान मर्यादा ठरावी. अंदाजपत्रकात ‘संगणक खरेदी’ हे शीर्षक सर्वत्र आढळते. त्याखाली ‘आज्ञावलींची देखभाल’ अशी एक ओळ घालण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि येत्या अंदाजपत्रकापासून ती घालण्यास विद्यापीठांनी आणि संस्थांनी विलंब लावू नये.