बुजुर्गांना औषधासोबत माणसंही लागतात

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२५ रोजी एकटेपणावरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून जास्त आहेत, असं त्यात म्हटलंय.

ही गोष्ट अगदीच नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अलमेडा काउंटीत १९६५ पासून नऊ वर्षं सुमारे सात हजार प्रौढांवर लक्ष ठेवलं गेलं. १९७९ मध्ये बर्कमन आणि साइम या संशोधकांनी निष्कर्ष मांडला: भरपूर नातीगोती असलेल्यांच्या तुलनेत सर्वांत एकट्या पडलेल्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट होतं. आजारी माणूसच एकटा पडतो, असं कुणी म्हणेल. पण सुरुवातीची तब्येत आणि धूम्रपान हिशेबात धरूनही फरक उरलाच. १९८७ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं की साठीनंतर जवळचे मित्र आणि नातेवाईक यांचं महत्त्व वाढतं.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. दादा पाच वेळा मशिदीत जातात. दोन दिवस फजरला दिसले नाहीत तर कुणीतरी घरी विचारायला येतं. दादींचं काय? बऱ्याच ठिकाणी मशिदीत महिलांची सोय नाही. शौहर गेल्यावर इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपतात, पण घरात बसून राहण्याची सवय सुटत नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडं मोबाइलमध्ये. उलट बीवी गेली की दादांचंही नुकसान होतं, कारण नात्यातल्या लग्नाची, आजारपणाची खबर तीच ठेवायची.

रिझ्कमध्ये बरकत आणि उमर वाढावी असं वाटत असेल तर सिलारहमी करा, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आपण ती बयानात ऐकतो आणि ईदच्या सलामावर भागवतो.

आपल्याला फार मोठा खर्च नको. मदरशाच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा बुजुर्ग महिलांची बैठक भरवता येईल. जमातीने एकट्या राहणाऱ्यांची यादी करावी. शाळकरी मुलांनी दोन-दोन घरं वाटून घेऊन खैरियत विचारावी. मय्यतीला सगळा मोहल्ला जमतोच. त्यातले चार जण आधी भेटायला गेले तर?