बांधावरची जांभळं, बादलीतली चेरी

आमच्या बांधावर चार जांभळी आहेत. वडिलांनी लावलेल्या. मृगाचा पाऊस आला की झाडाखाली सडा पडतो आणि दुपारपर्यंत त्यावर माशा घोंगावायला लागतात. खाली पडून फुटलेलं जांभूळ बाजारात कुणी घेत नाही. धड फळ हवं तर माणूस वर चढवावा लागतो, आणि जांभळाची फांदी म्हणजे ठिसूळ कारभार. जांभळावरनं पडून कंबर मोडलेले दोघं जण आमच्या गावात अजून काठी टेकत फिरतात. एवढं करून निम्मा माल वाया जातोच.

हे वाया जाणारं फळ मी घरात आंबवलं तर मी गुन्हेगार. तेच माझ्या पोरानं अमेरिकेत त्याच्या बिअरच्या बादलीत घातलं तर तो हौशी. या एका गोष्टीवर मला भांडायचं आहे. मी दहावी शिकलेला पुरंदरचा शेतकरी. कायद्यातलं कलमवार कळत नाही. पण कुठं पाणी मुरतं ते कळतं.

सूनबाईंच्या बाळंतपणाला आम्ही दोघं मिशिगनला गेलो होतो. थोरला डेट्रॉइटजवळ राहतो, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. एका रविवारी तळघरातनं उग्र, गोडसर वास आला. खाली जाऊन बघतो तर पोरगं मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजवतंय. आमच्या मंडळींनी जिन्यावरनंच तोंडाला पदर लावला.

"आबा, बिअर करतोय. इथं चालतं."

मग त्यानं सगळं दाखवलं. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवायचे, त्याचं गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट टाकायचं. बादलीच्या झाकणाला एक नळी. आतला वायू तिच्यातनं बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. मला ते सगळं इडलीच्या पिठासारखंच वाटलं. आंबणं ते आंबणं.

पण शेवटी पोरानं कपाटातनं एक बाटली काढली. लालभडक पाणी. म्हणाला, हा चेरीचा इसेन्स, यानं रंग येतो आणि चव येते.

मी भडकलो. म्हणलं, "तू शेतकऱ्याच्या पोटचा ना रे? अशा बाटलीत फळ असतं होय? आम्ही झाडाला लेकरासारखं वाढवायचं आणि तुम्ही लाल पाणी टाकून त्याला चेरी म्हणायचं?"

पोरगं हसलं, पण लागलं त्याला. पुढच्या शनिवारी त्यानं चार तास गाडी चालवून आम्हाला ट्रॅव्हर्स सिटीला नेलं. जुलै महिना. मिशिगनच्या आंबट चेरीचा तो मुलूख. तिथं एक यंत्र झाडाचं खोड धरतं, गदागदा हलवतं आणि काही क्षणांत सगळी फळं खालच्या ताडपत्रीवर. वर कुणी चढत नाही, कुणाची कंबर मोडत नाही. मी बराच वेळ बघत उभा राहिलो.

चार किलो चेरी आणली. धुऊन, बिया काढून फ्रीझरमध्ये गोठवली. गोठलं की फळाच्या आतल्या पेशी फुटतात, मग रस आणि रंग लवकर सुटतो. फळ उकळायचं नाही. उकळलं की त्यातलं पेक्टिन सुटतं आणि बिअर गढूळ होते. पहिल्याच दिवशीही घालायचं नाही. सुरुवातीचा फसफसाट जोरात असतो, फळाचा वास त्या वायूबरोबर निघून जातो. आठवडाभरानं जोर ओसरला की दुसऱ्या भांड्यात फळ घालायचं आणि वर बिअर ओतायची. एकोणीस लिटरला चार किलो. मग तीन आठवडे वाट.

झाली तेव्हा रंग आला तांबूस गुलाबी, बाटलीतल्यासारखा भडक नाही. माझ्या गळ्यात माळ नाही, म्हणून मी दोन घोट घेतले. गोड नव्हती. फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागं राहतो तो आंबटपणा, वास आणि सालीचा रंग. फळाचा जो खरा स्वभाव, तेवढा उरतो. बेल्जियममध्ये याच पद्धतीची क्रीक नावाची बिअर पूर्वापार होते. तिथं आंबट चेरी बियांसकट महिनोनमहिने मुरवतात आणि बीसुद्धा आपली चव देते. रंगासाठी फळ घालणारा इसेन्सवर भागवतो. फळासाठी फळ घालणाऱ्याला रंग आपोआप मिळतो.

पोरगं म्हणालं, "आबा, यात आपली जांभळं घातली तर काय रंग येईल!"

खरं होतं ते. जांभळाच्या डागावर लिंबू पिळलं की तो लालसर होतो, हे आमच्या गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आंबट बिअरमध्ये तो रंग खुलेल, वर जांभळाचा तुरटपणा. पण जांभळं तिथं नाहीत, आणि जिथं आहेत तिथं बिअर करता येत नाही.

अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरी बिअर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची नाही. भट्टी लावून दारू गाळायची सूट त्यात नाही. इंग्लंडात ही परवान्याची अट १९६३ सालीच गेली.

आणि त्याच इंग्रजांनी आपल्याला काय देऊन ठेवलं? १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. गावोगावचं गाळणं बंद करून मक्तेदारांच्या हाती दिलं, ताडीच्या झाडाझाडावर कर बसवला. १८९२ साली तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं गोळा करण्यावर कायदा आणला. झाडाखाली पडलेलं फूल उचलणारा आदिवासी चोर ठरला. हेतू माणूस सुधारण्याचा नव्हता, महसुलाचा होता. इंग्रज गेले आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो अजून आहे. त्याच कायद्याखाली परवानाधारक दुकानं रात्रीपर्यंत उघडी असतात. म्हणजे बंदी दारूला नाही. बंदी आहे ती बिनपरवान्याच्या, घरच्या भांड्याला.

पुण्यात धाकट्यानं मला एका हॉटेलात नेलं. तिथं 'जांभूळ' नावाची बिअर होती. एक ग्लास साडेतीनशे रुपये. मी पोऱ्याला विचारलं, जांभूळ कुठल्या गावचं? त्याला सांगता येईना. त्याच हंगामात मी जांभूळ साठ रुपये किलोनं घातलं होतं.

आता माझ्यावर पहिला हल्ला घरातनंच होतो, तो सांगितल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणाचं होईल. माझा मेव्हणा दारूनं गेला. चाळिशीही गाठली नाही. विहिरीवरची मोटार विकली, बायकोचे मणी विकले, शेवटी पोटात पाणी झालं. आमच्या मंडळींनी सख्खा भाऊ असा जाताना पाहिला. मी हा लेख लिहितोय कळल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही जांभळाचं नाव घेताय. लोक दारूचं नाव ऐकतील."

तिचं म्हणणं मी खोडत नाही. पण मेव्हणा कुणाच्या घरच्या मडक्यातलं पिऊन गेला नाही. तो सरकारमान्य दुकानातली पिऊन गेला, दर बाटलीवर सरकारला कर भरून. त्या दुकानाला बंदी आड आली नाही.

दुसरे म्हणतात, घरची दारू विषारी असते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली. ती मेली मिथेनॉलनं. ते विष पैशासाठी दारूत मिसळलं होतं. बादलीत आंबलेल्या फळातनं तसा मृत्यू येत नाही. घरी धोका आहे तो वेगळा. फळातली साखर पुरती आंबायच्या आत बाटली बंद केली तर वायू कोंडतो आणि बाटली फुटते, काचा डोळ्यात जातात. हे शिकवावं लागेल. पण प्रेशर कुकरही फुटतो, म्हणून आपण कुकरवर बंदी घातली नाही.

तिसरे म्हणतात, सरबत करा, गर काढा. करतो की! पण फुटलेलं जांभूळ दुसऱ्या दिवशी आपणहून आंबतं. शीतगृह माझ्या बांधावर नाही. यीस्ट मात्र फळाच्या सालीवरच बसलेलं असतं, फुकट.

आणि शेतकऱ्याच्या नावानं गळा काढणाऱ्यांना माझा सवाल आहे. २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, वाइनरींना सवलती मिळाल्या. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली, तेव्हाही शेतकऱ्याच्या भल्याचंच कारण पुढं केलं होतं. विरोध झाला, ते मागं पडलं. शेजारी गोव्यात काजूच्या बोंडाच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हद्दीच्या अलीकडं सिंधुदुर्गात बोंडं झाडाखाली कुजतात. कारखानदारानं फळ आंबवलं तर उद्योग, आणि फळवाल्यानं आंबवलं तर गुन्हा. हे शेतकऱ्याचं भलं नव्हे. हे त्याचं नाव वापरणं आहे.

मग मागणी काय? थोडीच आहे. घरात, घरापुरतं, वर्षाला ठरावीक लिटर आंबवायला मोकळीक द्या. जवाची बिअर असो की नुसत्या फळाचं आंबवण. विकायचं नाही. गाळायचं नाही, भट्टी नाही. ग्रामपंचायतीत नोंद करा. आणि एक अट आमच्या मंडळींची, तिनं सांगितली म्हणून नाही, मला पटली म्हणून घालतो: त्या नोंदीवर घरातल्या बाईची सही पाहिजे. ती नाही म्हणाली तर बादली लागणार नाही. ती पुढं कधी नको म्हणाली तर बादली उलटी करायची.

उद्या असा कायदा झालाच, तर माझ्या घरात ती सही मिळेल का, मला सांगता येत नाही. मी विचारलं तेव्हा ती काही बोलली नाही. मोरी धूत राहिली. नाही म्हणाली तर मी ऐकीन. पण ते नाही तिचं असेल. ज्या सरकारनं तिच्या भावाला बाटली विकली त्या सरकारचं नसेल.

यंदाचा मृग जवळ आलाय. जांभळी फळांनी वाकल्या आहेत. चार दिवसांत सडा पडेल, मी खराट्यानं गोळा करून उकिरड्यावर टाकीन. दरवर्षी टाकतो. हात आठ दिवस जांभळे राहतात. साबणानं जात नाहीत.